भोवरा दिसतो म्हणून

गेल्या हिवाळ्यात बीव्हर्टनच्या एका गॅरेजमध्ये घरी बिअर करणारे आम्ही काही हौशी जमलो होतो. बाहेर ओरेगनचा ठरलेला पाऊस, धड पडतही नाही आणि थांबतही नाही असा. आत मोठ्या पातेल्यातल्या वर्टची, म्हणजे ज्याची पुढे बिअर होते त्या माल्टच्या गोड पाण्याची वाफ आणि नुकत्याच टाकलेल्या हॉप्सच्या फुलांचा कडवट, राळेसारखा वास. यजमानांनी नवी स्टर प्लेट, म्हणजे वर ठेवलेल्या भांड्यातला द्रव चुंबकाने ढवळणारी तबकडी, घेतली होती आणि खरं तर तिच्याच दर्शनाला सगळे आले होते. स्टेनलेस स्टीलचं अंग, वर काच, काचेखालून निळा दिवा. तिच्यावर दोन लिटरचा फ्लास्क ठेवून त्यांनी बटण फिरवलं, तसा आतल्या द्रवात भोवरा उतरू लागला आणि बघता बघता तळाला टेकला. निळ्या उजेडात तो इतका देखणा दिसत होता की सगळ्यांचे फोन वर गेले. माझाही गेला. मागे एक वयस्कर गृहस्थ हात खिशात घालून उभे होते. सगळ्यांचं चित्रीकरण होईपर्यंत ते थांबले आणि मग शांतपणे म्हणाले, “छानच आहे. सगळ्यात हळू किती हळू फिरते?” यजमान हसले. “हळू कशाला फिरवायची?” बाकीचेही हसले, कुणीतरी ग्लास पुढे केले आणि विषय निघून गेला.

माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. घरी येताना गाडीत, नंतर भांडी घासताना, तो प्रश्न आपला चालूच. एक कारण असं की मीही तेव्हा स्टर प्लेट घ्यायच्या बेतात होते. लॅपटॉपवर कितीतरी खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येक जाहिरातीत कमाल वेग ठळक अक्षरांत होता. कुणाचा मिनिटाला हजार फेरे, कुणाचा पंधराशे, कुणाचा त्याहून जास्त. किमान वेगाचा आकडा शोधायला गेलं तर कुठेच नाही. दुसरं कारण जरा जुनं आहे. तो प्रश्न मला आधी कुणीतरी वेगळ्या शब्दांत विचारलेला होता.

पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करत होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या ओट्यावर रेमी कंपनीचा एक मॅग्नेटिक स्टरर, म्हणजे स्टर प्लेटच, असायचा. वजनदार, कडांना रंग उडालेला, समोर एकच काळी मूठ. वर कोनिकल फ्लास्क ठेवायचा, त्यात पांढरी कॅप्सूलसारखी बीड सोडायची. खालच्या पेटीत चुंबक फिरला की वरची बीडही फिरते, इतकीच त्यातली करामत. पण आमच्या मॅडमचा दंडक होता: मूठ शून्यावर आहे हे बोटाने चाचपून बघायचं आणि मगच स्विच दाबायचा. नुसतं बघून चालायचं नाही, हात लावून बघायचं. कारण आधीच्या मुलाने मूठ वर ठेवून स्विच बंद केलेला असला तर पुढच्याने तो दाबताच खालचा चुंबक एकदम सुसाट सुटतो, वरच्या बीडला ती गती पकडता येत नाही आणि मग ती काचेवर नुसती थडथडत बसते. त्या आवाजाला मॅडम पाठमोऱ्या असल्या तरी वळायच्या. “सावकाश सुरू कर, ती येते मागून,” एवढंच म्हणायच्या. शेवटी निम्मा वर्ग मूठ चाचपल्याशिवाय घरचा मिक्सरसुद्धा लावेनासा झाला.

त्या बीडवर मामांचा फार जीव. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले सहायक, त्यांना सगळे मामाच म्हणत. संध्याकाळी ते बीकरमधल्या बीड मोजायचे आणि एखादी कमी भरली की “कुणाची बीड गेली बेसिनात?” असं विचारत फिरायचे. फ्लास्क रिकामा करताना बाहेरून चुंबक धरला नाही तर बीड द्रावणाबरोबर सरळ मोरीत जाते. त्यासाठी मामांनी जुन्या स्पीकरमधला चुंबक सुतळीला बांधून ठेवला होता. तो बेसिनच्या नळीत सोडून ते एका डोळ्याने आत बघत उभे राहायचे. बीड सापडली की ती नळाखाली तीन-तीनदा धुवायचे आणि जिची होती तिच्या हातावर काही न बोलता ठेवायचे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

या यंत्राला फार मोठा इतिहास नाही. खाली फिरता चुंबक आणि वर भांड्यात आवरण घातलेला चुंबक, या मांडणीचं अमेरिकन पेटंट आर्थर रोझिंगर यांना १९४४ साली मिळालं, ते न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचे. त्याआधी १९१७ मध्ये युटा राज्यातल्या रिचर्ड स्ट्रिंगम यांनी वेगळ्या पद्धतीच्या चुंबकी स्टररचं पेटंट घेतलं होतं. आज आपण वापरतो ती प्लास्टिकच्या आवरणातली बीड स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या पाणतीर संशोधन केंद्रात एडवर्ड मॅक्लॉक्लिन यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस काढली. पाणतीरांचं काम करणाऱ्या माणसाची वस्तू बिअरवाल्यांच्या ओट्यावर येऊन बसली, हे मला आवडतं.

ती ओट्यावर येते ते यीस्टसाठी.

घरी एका खेपेला साधारण वीस लिटर बिअर होते. मध्यम ताकदीच्या वर्टमध्ये, म्हणजे बारा अंश प्लेटोच्या (हे वर्टमधल्या साखरेचं माप), एल जातीची बिअर करायची तर रूढ हिशेबाने १८० अब्ज जिवंत पेशी सोडाव्या लागतात. लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवायची बिअर, करायची तर त्याच्या दुप्पट, ३६० अब्ज. बाजारातलं द्रव यीस्टचं ताजं पाकीट साधारण १०० अब्ज पेशींचं असतं आणि ते फ्रिजमध्ये पडून राहिलं की महिन्यागणिक त्यातल्या पेशी मरत जातात. मग पाकिटं दोन-तीन घ्या, नाहीतर एकाच पाकिटाची घरी पैदास करा. पैदास करायची तर लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्टची पूड घालून उकळायची, थंड करायची, त्यात यीस्ट सोडायचं, तोंडावर अॅल्युमिनियमची फॉइल सैलसर ठेवायची आणि दिवस-दोन दिवस ढवळत ठेवायचं. याला स्टार्टर म्हणतात. दीड लिटरचा स्टार्टर नीट ढवळत राहिला तर पेशी दुपटीच्या पुढे जातात.

हे सगळं मी एकदा ओट्यापाशी उभी राहून सासूबाईंना समजावत होते. त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. दारूचा थेंब न चाखलेल्या, पण सुनेच्या ‘कारखान्या’बद्दल त्यांना कुतूहल दांडगं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे विरजणच की.” मी म्हटलं, “हो आई, तसंच.” त्यावर त्यांनी मान हलवली. “तसंच कसं? विरजणाला रात्रभर कोण ढवळतं? हात लावला तर मोडेल ते. एका जागी गप ठेवायचं.” मी पुढे होऊन बोलणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्यांनी अगदी मोक्याच्या जागी बोट ठेवलंय. दही लावणाऱ्या जिवाणूंना हवेची गरज नसते, त्यांना निवांतपणाच सोयीचा. यीस्टचं तसं नाही. त्याला पेशीचं आवरण बांधायला स्टेरॉल आणि असंतृप्त स्निग्धाम्लं लागतात आणि ती तयार करायला थोडा तरी ऑक्सिजन लागतो. आवरण नीट नसेल तर पेशीला कळ्या फुटतात त्या एक-दोन खेपांत थांबतात आणि पुढे दारूचं प्रमाण वाढलं की ती माना टाकते. शिवाय पाणी स्थिर राहिलं की यीस्ट तळाशी बसतं आणि वर कार्बन डायऑक्साइड साठून राहतो. ढवळल्याने तो निघून जातो, फॉइलखालून नवी हवा आत येते, पेशी तरंगत राहतात. हेही मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग एवढी वीज जाळून किती ढवळायचं?”

म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. गॅरेजमधल्या त्या गृहस्थांचा आणि सासूबाईंचा परिचय व्हायला हवा होता.

एवढ्यात आमच्या घरातल्या इंजिनिअरचा पुढाकार सुरू झाला. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि विकत मिळणारी कुठलीही वस्तू घरी स्वस्तात होते यावर त्याची श्रद्धा आहे. “अगं, पंखा आहे घरात, चुंबक आहेत, दीडशे डॉलर कशाला घालवतेस?” हा मार्ग इथल्या हौशी लोकांत पुष्कळ रुळलेला आहे. कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा पंखा घ्यायचा, त्याच्या मधल्या गोलावर निओडायमियमचे दोन चुंबक चिकटवायचे, एकाचा उत्तर ध्रुव वर आणि दुसऱ्याचा दक्षिण, आणि पंखा डब्यात बसवायचा. चुंबक मिळवायला नवऱ्याने जुनी हार्ड डिस्क फोडली. डबा घेतला बिस्किटांचा, पत्र्याचा. झाकण लावलं तर खालचे चुंबक झाकणालाच ओढ घ्यायला लागले आणि वर बीडपर्यंत काही पोचेना. पत्रा लोखंडी, त्यामुळे चुंबकाचं क्षेत्र तो स्वतःतच वळवून घेतो. मग त्याने अॅल्युमिनियमचा तुकडा कापून आणला. तो चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण त्याच्याजवळ चुंबक फिरू लागला की धातूत भोवरी प्रवाह उठतात आणि तेच त्या चुंबकाला मागे खेचतात. पंखा धापा टाकू लागला. शेवटी अॅक्रिलिकचा पत्रा आणला आणि गाडी मार्गी लागली. चुंबक आणि झाकण यांतलं अंतर मात्र त्याने अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने कमी करत आणलं, कारण अंतर वाढलं की चुंबकाची पकड कितीतरी पटीने ढिली होते. हे बघत बसायला मजा आली. त्याच्या जिभेचं टोक ओठांत धरलेलं, हातात पातळ वॉशर, आणि शेजारी सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या.

पंखा फिरला, भोवरा पडला, सगळे खूश. मी मूठ खाली आणत गेले. एका ठिकाणी येऊन पंखा थबकला. पाच-सहा व्होल्टच्या खाली तो जागचा हलायला तयार नाही. त्याला पुन्हा सुरू करायचं तर मूठ बरीच वर न्यावी लागते आणि मग तो एकदम झेपावतो, वरची बीड मागे पडते, थडथड सुरू. मॅडम असत्या तर वळल्या असत्या. कॉम्प्युटरचा पंखा गरम हवा बाहेर फेकायला बनवलेला असतो. त्याने हळू फिरावं अशी त्याच्या कारखानदाराची अपेक्षाच नाही. नवऱ्याने त्यावरही इलाज सुचवला: व्होल्टेज कमी-जास्त करण्याऐवजी बारा व्होल्टच तुकड्यातुकड्यांनी द्यायचे, म्हणजे पंखा कमी वेगातही दम धरतो. त्यासाठी एक छोटा सर्किट बोर्ड मागवावा लागणार होता. तो यायला वेळ होता, आणि तोवर माझं काम थांबणार नव्हतं.

म्हणून मी बाजारात निघाले. आमच्या शेजारचं पोर्टलंड हे या छंदाचं माहेरघरच म्हणायला हवं. घरच्या घरी बिअर करायला अमेरिकेत केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ मध्ये, जिमी कार्टर यांनी सही केल्यावर. एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असले तर २००. विकायची मात्र नाही. (आमच्या घरात प्रौढ तीन, त्यातल्या एक शेंगा सोलणाऱ्या. सासूबाईंना हा हिशेब ऐकून गंमत वाटली. “माझ्या वाट्याचीही तुम्हीच करा,” म्हणाल्या. महाराष्ट्रात प्यायलासुद्धा परवाना लागतो हे त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या वडिलांकडे तो होता.) पण पोर्टलंडमधलं एफ. एच. स्टाइनबार्ट हे दुकान १९१८ सालापासूनचं आहे. तासाभराच्या अंतरावर हूड रिव्हरच्या खोऱ्यात वायीस्ट ही यीस्टची प्रयोगशाळा १९८६ पासून आहे. तिच्या पाकिटात आत आणखी एक छोटं पाकीट असतं. ते तळहाताने दाबून फोडायचं, आतलं अन्न यीस्टमध्ये मिसळतं आणि काही तासांत बाहेरची पिशवी टम्म फुगते. ती फुगताना ओट्यावर पडल्या पडल्या किंचित हलते आणि दर वेळी मी दचकते.

दुकानांच्या फळ्यांवर स्टर प्लेटची ही रांग. चाळीस-पन्नास डॉलरपासून दीडशेच्या पुढेपर्यंत. कुणाला आकड्यांचा डिस्प्ले, कुणाला टायमर, कुणी ठराविक वेळाने उलटी फिरणारी. मी हातात घेऊन वजन बघत होते, बुडाला रबराचे पाय आहेत का, वरचा भाग सपाट आहे का. विक्रेता मुलगा मन लावून मला भोवऱ्याची खोली सांगत होता. मी त्याला किमान वेग विचारला. त्याने खोका उलटापालटा केला, मग प्रामाणिकपणे म्हणाला, “हे कधी कुणी विचारलं नाही.” त्यात त्याची काही चूक नाही. भोवरा डोळ्यांना दिसतो. यीस्टच्या पेशी पाच ते दहा मायक्रॉनच्या, त्या दिसत नाहीत. विकायला जी गोष्ट दिसते तीच पुढे येणार. तळापर्यंत गेलेल्या भोवऱ्याच्या चित्रफिती लोक हौसेने बघतात. दुधाळ बदामी रंगाच्या, वर नुसती खळी पडलेल्या फ्लास्ककडे कोण बघत बसेल? मला मात्र वाटतं त्या खळीत सगळं काम होतं. पृष्ठभाग हलता राहिला, तळाशी साका बसला नाही, वायू निघून गेला, झालं. त्याच्यापुढचा सगळा वेग प्रेक्षकांसाठी.

एक मात्र खरं, स्टार्टर भरभरून श्वास घेत वाढतो ही कल्पना काही पूर्ण बरोबर नाही. साखर मुबलक असली की हे यीस्ट हवा असूनही दारूच करत बसतं. म्हणजे भोवऱ्याने हवा कितीही कोंबली तरी ते काही बेकरीच्या यीस्टच्या कारखान्यासारखं वाढत नाही. तिथे साखर थेंबाथेंबाने देतात म्हणून ते जमतं. इथल्या काही जुन्या लोकांनी तर प्लेट पार टाकूनच दिलीय. मोठ्या बरणीत थोडं वर्ट घालतात, बरणी फेसाने भरेपर्यंत जोरात हलवतात, यीस्ट सोडतात आणि ते ऐन भरात आलं की तसंच मोठ्या भांड्यात ओततात. त्यांची बिअर काही वाईट होत नाही. मी प्यायलेय.

माझ्याकडे एक जुना मायक्रोस्कोप आहे आणि मिथिलीन ब्लूची बाटली. मोजणीच्या काचेवर थेंबभर स्टार्टर, थेंबभर रंग. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग टिकू देत नाही, ती बिनरंगी राहते. नवऱ्याच्या पंख्यावर खोल भोवऱ्यात वाढलेलं आणि मैत्रिणीच्या प्लेटवर नुसत्या खळीत वाढलेलं, अशी दोन्ही मी काचेखाली घेऊन बसले. चौकटीत त्या गोल पेशी, काहींना बाजूने कळी फुटलेली, एखादीच निळी. मोजता मोजता मान अवघडली. दोन्हींत मला फरक म्हणावा असा दिसला नाही. एका स्वयंपाकघरातली मोजणी ती, तिच्यावर कुणी पैज लावू नये. पण मला मूठ खाली आणायला तेवढी पुरली.

हा सगळा खटाटोप शक्य झाला तो कोपनहेगनमुळे, हेही काचेतून बघताना आठवत राहतं. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. त्याआधी बिअरवाले सगळ्या जातींची खिचडी वापरायचे आणि एखादी रानटी जात वरचढ झाली की अख्खी खेप कडू व्हायची. कार्ल्सबर्गने ती पद्धत आणि ते यीस्ट लपवून ठेवलं नाही, मागेल त्याला दिलं. पुण्यात आमच्या विद्यापीठापासून जवळच एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथून आमच्याकडे कल्चर यायचं ते काचेच्या नळीत तिरप्या अगारवर, कापसाचं बूच लावून. नळीवर नाव आणि क्रमांक. ती नळी हातात घेताना मामासुद्धा आवाज खाली आणायचे. इथे तेच यीस्ट रंगीत पाकिटात मिळतं आणि फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी पडून असतं.

पुण्याहून रेमीचा स्टररच आणावा, असंही एकदा मनात आलं होतं. भावाने चौकशीही केली. पण तिकडची वीज २३० व्होल्टची, इकडची १२०. वर ट्रान्सफॉर्मर लागणार, आणि सामानात एवढं लोखंड आणलं तर मसाले कुठे ठेवायचे? दुसरा पर्याय विद्यापीठांच्या भंगाराचा. जुन्या प्रयोगशाळांतून निघालेले स्टरर इथे स्वस्तात मिळतात, पांढऱ्या चिनी मातीसारख्या तबकडीचे, बहुतेकांना खाली हीटर असलेले. मोटर झकास, हळू सुरू होतात, वर्षानुवर्षं चालतात. पण त्यांच्यावर आधी काय सांडलं होतं ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि हीटर व स्टरर यांच्या मुठी शेजारी शेजारी, दिसायला सारख्या. अर्धवट झोपेत भलतीच मूठ फिरली तर सकाळी शिजलेलं यीस्ट. स्वयंपाकघरासाठी बिनहीटरचाच बरा, हे माझं पक्कं मत आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

अखेर घेतली ती एका बंद होत असलेल्या वाइनच्या प्रयोगशाळेतून विकायला निघालेली छोटी प्लेट. डिस्प्ले नाही, दिवा नाही, एकच मूठ. विकणाऱ्या बाईंनी ती टेबलावर मांडली, मी सोबत नेलेला फ्लास्क पाण्याने भरून वर ठेवला, बीड सोडली. मूठ चाचपली. मग केसभर फिरवली. बीड आधी नुसती कूस वळल्यासारखी हलली, मग डुलत डुलत एक फेरा, मग दुसरा, इतके सावकाश की मोजता यावेत. पाण्यावर काहीच दिसत नव्हतं. बाई म्हणाल्या, “जोरात करून बघायचीय का?” मी म्हटलं, नको. त्या जरा बुचकळ्यात पडल्या, पण पैसे घेतले.

तिचा आवाज जवळजवळ नाही. सासूबाईंची खोली स्वयंपाकघराला लागून होती आणि नवऱ्याच्या पंख्याने त्यांची झोप उडायची. फ्रिजचा घरघराट त्यांना चालायचा, याचा नाही. नवी प्लेट आल्यावर त्यांनी पहिल्या रात्री दोनदा उठून ती चालू आहे का ते पाहिलं. सकाळी फॉइल उचलून वास घेतला. पावाचा, जरासा हिरव्या सफरचंदाचा. “आंबलंय छान,” हा त्यांचा दाखला. वरचं पाणी चव घेण्याच्या लायकीचं नसतं, शिळं आणि बेचव; फ्रिजमध्ये ठेवून यीस्ट खाली बसलं की ते मी ओतून देते. एवढं चांगलं पाणी फेकताना बघून मात्र त्यांचा जीव वरखाली व्हायचा. एकदा त्यांनी ते कढीपत्त्याच्या कुंडीत घातलं.

अडचण आहे ती लागरची. ३६० अब्ज पेशी करायच्या तर मोठा स्टार्टर लागतो, मोठ्या स्टार्टरला पाच लिटरचा फ्लास्क, आणि पाच लिटरच्या फ्लास्कचा तळ जाड असतो, मध्ये किंचित वर आलेला. बीड त्या उंचवट्यावरून घसरते आणि माझी गरीब प्लेट तिला पकडून ठेवू शकत नाही. लांब बीड घ्यावी तर तिच्या टोकांखाली चुंबक येत नाहीत. दोन लिटरच्याच फ्लास्कमध्ये दोन टप्प्यांत वाढवता येतं, पण त्यात आठवडा जातो. म्हणून यंदाच्या लागरसाठी मी सरळ डब्ल्यू-३४/७० या सुक्या यीस्टची साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं आणलीत. मुळात जर्मनीतल्या वाइनश्टेफानची जात, स्टार्टरची गरज नाही, कात्रीने कापून वर्टवर भुरभुरवायची. नवऱ्याचं म्हणणं, मग एवढं करून प्लेट घेतलीस कशाला? एलसाठी, असं मी म्हणाले. त्याचा सर्किट बोर्ड परवा टपालाने आलाय आणि पाच लिटरच्या फ्लास्कचं आपण बघून घेतो, असं तो म्हणतोय.